देवाची उजवी

विश्वासला सगळं ऐकू येत होतं. हे सुनेत्राला येणाऱ्याजाणाऱ्याला पटवून द्यावं लागे, आणि पटवून पटवून ती पार कंटाळून गेली होती. कुकरच्या शिट्ट्या तो आतल्या खोलीत बसून मोजायचा आणि ओरडायचा, "अगो, तीन झाल्या, बंद कर!" खाली रस्त्यावर कबाडीवाला आला, गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, लांबून पोलिसांची गाडी भोंगा वाजवत गेली, सगळं त्याला कळे. सुनेत्राला न्हाणीघरात जाऊन रडायचं असलं तर आधी नळ सोडावा लागे, इतके त्याचे कान शाबूत होते.

माणूस बोलायला लागला की मात्र पंचाईत. आवाज यायचा, कुणाचा आहे तेही समजायचं, पण शब्द लागायचे नाहीत. मराठी नाही, हिंदी नाही, ज्या इंग्रजीत त्यानं इतकी वर्षं युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवलं तीसुद्धा नाही. "पाण्याखालनं कुणी बोलतंय असं वाटतं गो," तो म्हणायचा. स्वतः तो पूर्वीसारखाच बोले, थोडं मोठ्यानं एवढंच. पेपर वाचायचा, लिहायचा, कोडी सोडवायचा. म्हणजे त्याचं सगळं तिच्यापर्यंत पोचत होतं आणि तिचं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. "नवराबायकोत हे काही नवीन नाही हो," असं महाराष्ट्र मंडळातल्या सरोजताई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या आणि आपणच हसल्या. त्या दिवशी सुनेत्राला त्यांना चहा टाकावासा वाटला नाही. टाकला, पण साखर विसरली.

डॉक्टर जयंत मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर होते. नागपूरकडचे, मनानं चांगले. त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं. "वहिनी, कान चांगले आहेत. ऐकलेल्या बोलण्याचा अर्थ लावणारी जागा दुखावली आहे. लिहून दाखवाल ते सगळं कळेल. तोंडानं सांगाल ते कळणार नाही."

"परत कधी कळायला लागेल?"

"ते आता देवालाच ठाऊक."

डॉक्टर मंडळी एरवी देवाला आपल्या खात्यात पाऊल टाकू देत नाहीत. हात टेकले की मात्र त्याला पुढे करतात. जयंत सहज बोलून गेले. सुनेत्रानं ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं.

झालं होतं ते असं. सत्याऐंशी सालच्या कार्तिकात अंबाला छावणीतल्या एका मराठी मेजरच्या घरी बारसं होतं. तिघंही जायचे होते. ऐन सकाळी सुनेत्रा बाजूला बसली. चंडीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, भाड्याच्या वरच्या मजल्यावर, जिथं विचारायला सासू नाही की शेजारीण नाही, तिथं हे कोण पाहत होतं? पण राजापूरकडचं वळण असं सहजी जात नाही. बाळाचं शुभकार्य, आपण नको, असं तिनंच ठरवलं आणि बापलेकांना पाठवलं. श्रीपाद दहा वर्षांचा होता. त्यानं निळा स्वेटर घातला होता आणि बाळाला द्यायचा खुळखुळा वाजवत तो जिना उतरला होता. परतीच्या बसमध्ये कुणीतरी बाकाखाली डबा ठेवला होता. त्या वर्षांत पंजाबकडे अतिरेकी असे बॉम्बचे डबे ठेवायचे. पेपरात दुसऱ्या दिवशी किती गेले तो आकडा येई आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाचा आकडा येई.

विश्वास बेशुद्ध होता. श्रीपाद शुद्धीवर होता. बरेच दिवस सुनेत्राला वाटे, उलटं झालं असतं तर? दोन रात्री तो मुलगा दवाखान्यात एकच मागत राहिला, बाबांना बोलवा. बाबा भिंतीपलीकडच्या वॉर्डात होते, डोक्याला पट्ट्या गुंडाळून. "येतात हं, येतात," असं सुनेत्रा सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं बोलावणं बंद केलं. मुंबईहून तिचा भाऊ राजाभाऊ आला, त्यानं सगळं केलं. देव तारी त्याला कोण मारी, असं तेव्हा कुणीतरी विश्वासकडे बघून म्हणालं. ही म्हण ज्यानं काढली त्याला एकदा तरी त्या वॉर्डात आणून उभा करायला हवा होता.

विश्वासला शुद्ध आली तेव्हा जयंतनी सांगितलं, इतक्यात धक्का नको. म्हणून विश्वासनं "श्रीपाद कुठाय?" असं विचारलं, तेव्हा तिनं श्रीपादच्याच जुन्या पाटीवर लिहिलं: "मुंबईला. राजाभाऊ घेऊन गेला. इथं शाळा बंद." विश्वासनं वाचलं आणि म्हणाला, "बरं केलंस." तेव्हा कितीतरी घरांतली मुलं अशी दूर पाठवली होती, त्यामुळे त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

खोटं बोलणं सोपं असतं, लिहिणं जड. बोललेलं हवेत विरतं. पाटीवरचं पुसलं तरी पुसणाऱ्या हाताला लागून राहतं. घरी आल्यावर जयंत म्हणाले, "आता सांगून टाका, वहिनी. प्रकृती सुधारली आहे." तेव्हा ती खडू घेऊन बसलीही. "श्रीपाद" एवढं लिहिलं. पुढचा शब्द तिच्या हातून उमटेना. आपल्या मुलाच्या नावापुढे तो शब्द आपल्या अक्षरात लिहायचा आणि नवऱ्यापुढे धरायचा, एखादा जाहिरातीचा बोर्ड धरावा तसा? तिनं पाटी पुसली. आपण तोंडानं सांगू, असं तिनं ठरवलं. त्याचा हात हातात घेऊन, आपल्या आवाजात. त्याला बोलणं कळायला लागलं की त्याच दिवशी.

आणि तोवर ती रोज सांगत होती. चारच्या चहाला दोघं समोरासमोर बसले की ती सांगायची, "श्रीपाद गेला हो. आपला श्रीपाद नाही आता. मी तुम्हाला फसवलं." पालथ्या घड्यावर पाणी, हे तिलाही ठाऊक होतं. पण जगात एकच माणूस होता ज्याच्यापाशी हे सांगायला हवं होतं, आणि तो समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता. विश्वास तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायचा. कधी मान हलवायचा. कधी तिच्या हातावर थोपटायचा आणि म्हणायचा, "कळेल गो, हळूहळू कळेल."

माघात एक दिवस तो तिला न सांगता खाली उतरला. पायऱ्यांखाली श्रीपादची सायकल होती, तिच्या चाकात हवा भरायची म्हणून पंप आणायला निघाला होता. मार्केटच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांमागे सीआरपीचे जवान असत. एकानं आवाज दिला, "रुको!" विश्वास चालतच राहिला. "ओए रुक! हाथ ऊपर!" विश्वासला आवाज ऐकू आला, म्हणून तो वळला आणि खिशातनं चष्मा काढायला त्यानं हात घातला. जवानानं बंदूक खांद्याला लावली.

घरमालकीण बीजी त्या वेळी भाजी घेऊन परतत होत्या. साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार, चार पायऱ्या चढताना चारदा वाहेगुरू म्हणणाऱ्या. त्या पिशवी टाकून पळाल्या आणि विश्वासच्या पुढे जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या. "ना पुत्तर, ना! प्रोफेसर हैगा साडा! इहनूं समझ नहीं आउंदी!" बटाटे रस्ताभर झाले होते. जवान पोरगेलासाच होता. त्यानं बंदूक खाली केली आणि बीजींना दोन बटाटे उचलून दिले.

त्या संध्याकाळी सुनेत्रानं एका जाड कागदावर हिंदीत, पंजाबीत आणि इंग्रजीत लिहून घेतलं की या माणसाला बोललेलं समजत नाही, आणि तो कागद विश्वासच्या कोटाला टाचला. विश्वास हसला. म्हणाला, "हरवलेल्या पोरासारखा दिसतोय मी." सुनेत्रा न्हाणीघरात गेली आणि तिनं नळ सोडला. याचे कान उघडणार आहेत की नाही, हे तिला आता कळायलाच हवं होतं. उघडणार असतील तर ती वर्षभरसुद्धा थांबली असती. आणि जयंत तर सांगून चुकले होते की ते कुणाला ठाऊक आहे.

मग तिनं कौल लावायचं ठरवलं.

कोकणात जन्मलेल्याला कौल सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर असं, की गावदेवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गुरवानं मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर कुठं खणायची, मुलगी कुठं द्यायची, गेलेलं जनावर सापडेल का, सगळं असंच विचारतात. पाकळीला बोट लावायचं नाही, फुंकर घालायची नाही. तिच्या गावात एकानं जमिनीच्या भांडणात पाकळीला नख लावलं, तर त्याच्या घरात तीन पिढ्या दिवा लागला नाही, असं सांगत. खरं खोटं देव जाणे, पण ते ऐकून मोठी झालेली मुलगी कौलाला हात लावणार नाही हे नक्की.

अडचण एवढीच, की बायकांनी कौल लावायचा नसतो. त्यांनी सभामंडपात मागं बसायचं आणि पुरुषांच्या पाठींमधून जमेल तेवढं बघायचं. सुनेत्रानं लहानपणी तसंच बघितलं होतं. विश्वासचं घर मानकऱ्यांचं, तो गुरवाच्या शेजारी बसायचा. पण त्याच्याबद्दलचा कौल त्यालाच कसा लावायला सांगणार? तिनं मनात देवाची माफी मागितली. बाराशे मैलांवर गुरव कुठून आणू?

देव्हाऱ्यातले टाक पडले बोटाएवढे, त्यांच्यावर पाकळी कुठं राहणार. श्रीपादनं पिंजोरच्या ओढ्यातनं एक लांबट काळा गोटा आणला होता, बिस्किटाच्या डब्यात साठवलेलं काहीबाही ठोकायला त्याला तो लागायचा. तो तिनं धुतला, हळदकुंकू लावलं, खिडकीशेजारच्या फळीवर उभा केला आणि गावदेवाला म्हणाली, "बा महाराजा, आता इथं ये." पाकळ्या बीजींच्या कुंडीतल्या गुलाबाच्या. एक खिडकीच्या बाजूला, एक भिंतीच्या बाजूला. खिडकी तिच्या उजव्या हाताला होती.

"बा महाराजा, माझ्या घरधन्याला माझं बोलणं परत कळणार असेल तर उजवी दे."

दुपारची वेळ होती, विश्वास झोपला होता. थोड्या वेळानं खिडकीकडची पाकळी हलली, वाकली आणि पडली.

सुनेत्रा तिथंच बसकण मारून रडली, आणि त्या दिवशी नळ सोडायचं विसरली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लावला, खात्री करून घ्यायला. खिडकीकडचीच पडली. मग ती रोजच लावायला लागली, आणि रोज खिडकीकडचीच पडे. खिडकीतनं वारा येतो म्हणून पडते, असं कुणी शहाणा म्हणेल. म्हणो. बुडत्याला काडीचा आधार मिळतो तेव्हा ती काडी कुठल्या झाडाची, हे तो विचारत नाही. सुनेत्राच्या चालण्यात जीव आला. चारच्या चहाला ती तेच सांगायची, पण आता सांगताना तिला वाटायचं, हे आज नाही तर उद्या कळणार आहे. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते ती बघत राहायची. आणि त्या दिवसाची तिला भीतीही वाटायची, ती वेगळीच.

फाल्गुन लागला. विश्वासनं कॅलेंडर बघून विचारलं, "श्रीपादची परीक्षा कधी?" तिनं पाटीवर लिहिलं, "मुंबईलाच देईल." दोन दिवसांनी तो म्हणाला, "मी जाऊन घेऊन येतो त्याला. तिकडे भाषणं करायची नाहीत, आणायचंच आहे." तिनं लिहिलं, "उन्हाळ्यात जाऊ." त्यानं पाटी वाचली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. "अक्षर का गो बिघडलं तुझं?" त्यानं विचारलं.

होळीच्या आधीच्या त्या दुपारी वारा सुटला होता. सुनेत्रानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा खिडकीकडची पाकळी खाली होती आणि दारात विश्वास उभा होता.

चोरी सापडल्यासारखी ती उभी राहिली. पण विश्वासचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांत तसा तो उजळला नव्हता. "अरे! कौल!" तो म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. "हा गोटा श्रीपादचा ना? छान उभा केलास गो. काय विचारत होतीस?"

तिनं पाटी घेतली. हे लिहायला तिला काहीच वाटलं नाही. "तुम्हाला बोलणं परत कळेल का?"

"मग? काय म्हणतो?"

तिनं पडलेल्या पाकळीकडे बोट दाखवलं आणि आनंदानं आपला उजवा हात वर केला. मग पाटीवर लिहिलं, "रोज उजवी. माघापासून."

विश्वासनं पाकळीकडे पाहिलं, गोट्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "अगो, ही उजवी नव्हे."

तिनं पुन्हा आपला उजवा हात वर केला.

"देवाची उजवी धरायची असते. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय ना? त्याचा उजवा हात तो भिंतीकडचा. खिडकीकडची डावी झाली." त्यानं स्वतः उठून फळीशेजारी पाठ लावली, देव उभा राहील तसा उभा राहिला आणि भिंतीकडचा हात हलवून दाखवला. "तुम्ही बायका मागं बसायच्या, तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल."

म्हणजे माघापासून देव रोज नाही म्हणत होता. न चुकता, एकदाही मागे न घेता. आणि ती प्रत्येक नाहीला हात जोडून उठत होती. सुनेत्रा भिंतीला धरून खाली बसली. आता तो दिवस यायचा नव्हता. हातात हात घेऊन, आपल्या आवाजात सांगायचा दिवस, ज्याच्यासाठी तिनं एवढं खोटं रेटलं होतं, तो नव्हताच पुढे कुठं.

विश्वास तिच्याशेजारी बसला. "नाही तर नाही," तो म्हणाला. "मला अंदाज होताच. तू एवढं तोंड पाडू नकोस. तुझा आवाज येतो मला, पुष्कळ झालं." मग म्हणाला, "आता मी एक विचारतो."

त्यानं खिडकी लावून घेतली. "वाऱ्यात कौल खोटा पडतो," म्हणाला. गुलाबाच्या दोन ताज्या पाकळ्या त्यानं तांब्यात भिजवल्या आणि सराईत बोटांनी गोट्यावर चिकटवल्या, गुरवाशेजारी बसून शिकलेला माणूस तो. हात जोडले. त्याच्या मोठ्या झालेल्या आवाजात ते गाऱ्हाणं घरभर घुमलं.

"बा महाराजा, ही रोज चहाच्या वेळी मला काहीतरी सांगते. शब्द मला लागत नाहीत. पण रोज एकच असतं. चाल तीच, थांबते तिथंच, आवाज चिरतो तोही तिथंच. चांगली गोष्ट माणूस रोज अशी सांगत नाही. म्हणून तुला विचारतो. माझा श्रीपाद सुखरूप असेल तर उजवी दे."

म्हणजे घडा अगदीच पालथा नव्हता. रोज थोडं थोडं आत जात होतं.

दोघं गोट्याकडे बघत राहिले. खिडकी बंद होती, पडदासुद्धा हलत नव्हता. मग भिंतीकडची पाकळी सरकली. देवाची उजवी. कडेनं सुटली आणि खाली झुकायला लागली. विश्वासचे डोळे भरून आले आणि ओठ हसायला लागले. क्षणभर सुनेत्रालाही वाटलं, पडू दे. देव म्हणतोय ना आहे म्हणून, मग असेल. त्या स्मशानघाटावर आपण पाहिलं ते दुसऱ्या कुणाचं असेल, आणि आपला श्रीपाद खरंच मुंबईला राजाभाऊकडे परीक्षेचा अभ्यास करत असेल. तिला ते इतकं हवं होतं की तिचं अंग दुखलं.

मग ती पडायच्या आत तिनं हात पुढे केला आणि खिडकीकडची पाकळी बोटानं खाली पाडली.

विश्वास त्या बोटाकडे बघत राहिला. ओरडला नाही. त्यानं झुकलेली पाकळी दाबून बसवली, खाली पडलेली उचलली, तांब्यात बुडवली आणि परत जागच्या जागी लावली. ती नीट बसेना. बसवली आणि पुन्हा हात जोडले. "माझा श्रीपाद सुखरूप असेल तर उजवी दे," तो पुन्हा म्हणाला, या वेळी देवाकडे नाही, तिच्याकडे बघून.

सुनेत्रानं ती पाकळी पुन्हा पाडली.

तेव्हा तो वाकला आणि कपाळ फळीच्या कडेला टेकून राहिला. त्याच्या पाठीवर हात ठेवायला तिला जमेना, कारण त्या हातानं आत्ताच ते केलं होतं. खाली बीजींच्या घरात रेडिओवर गुरुबाणीतला शबद लागला होता, तो संपला आणि बातम्या लागल्या. विश्वास सरळ झाला. दोन्ही पाकळ्या त्यानं परत लावल्या.

"त्याच दिवशी? बसमध्येच?"

तिनं डावी पाडली.

"मग दवाखान्यात?"

उजवी.

"मी तिथं होतो? त्याच दवाखान्यात?"

उजवी. प्रत्येक वेळी तो पाकळी उचलायचा, भिजवायचा, लावायचा, आणि ती पाडायची. देवाचा कोप व्हायचा तर होवो. त्या घरातला दिवा विझून चार महिने झाले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं खरं दोघं एकमेकांशी कधी बोलले नसतील.

आता पाकळ्या मऊ पडल्या होत्या, बोटांचे डाग त्यांच्यावर उमटले होते. विश्वासनं त्या शेवटच्या म्हणून लावल्या असाव्यात, कारण लावून झाल्यावर तो लगेच विचारीना.

"त्यानं मला हाक मारली होती का?"

सुनेत्राचं बोट भिंतीकडच्या पाकळीपाशी गेलं. तिला ती खोली दिसली, तो निळा स्वेटर कात्रीनं कापून बाजूला टाकलेला, आणि बाबांना बोलवा, बाबांना बोलवा. तिनं विश्वासकडे पाहिलं. तो गोट्याकडेही बघत नव्हता, मान खाली घालून वाट बघत होता. भिंतीपलीकडे पडलेला असताना पोर दोन रात्री आपल्याला बोलावत होतं आणि आपण गेलो नाही, हे घेऊन हा माणूस पुढची सगळी वर्षं कशी काढणार होता?

तिनं हात फिरवला आणि डावी पाडली.

विश्वासनं मान वर करून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "नाही. बरं झालं." आणि पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.

सुनेत्रानं आता त्याचा हात हातात घेतला. चारच्या चहाची वेळ होऊन गेली होती. तिच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले, अडवायचं कारणच नव्हतं, त्याला ते कळणार नव्हते.

"मारली हो," ती म्हणाली. "दोन रात्री मारत होता. दुसरं काहीच मागितलं नाही त्यानं. तुम्हालाच बोलावत होता."

विश्वास रडायचा थांबला. डोळे न पुसता त्यानं तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघितलं, रोज बघायचा तसं.

"हे रोजचं नव्हे," तो म्हणाला.